तोफेच्या तोंडचं चित्र

सीएसएमटीला उतरून आझाद मैदान ओलांडणारे ठाणेकर-डोंबिवलीकर इथे बरेच असतील. याच मैदानावर, म्हणजे तेव्हाच्या एस्प्लनेडवर, 15 ऑक्टोबर 1857 रोजी सय्यद हुसेन आणि मंगल गडिया यांना तोफेच्या तोंडी दिलं. मंडळी, पडद्यावरच्या चित्राचा विषय तोच. चित्रकार रशियन, वसिली वेरेश्चागिन. साल 1884 च्या सुमाराचं. मूळ कॅनव्हास बेपत्ता आहे, आपण बघतोय ती छापील प्रत. तेव्हा रंगछटांचं कौतुक बाजूला ठेवू, उजेड-अंधाराचं बोलू.

आता रचना बघा. तोफांची रांग पुढून मागे लहान-लहान होत जाते. प्रत्येक तोफेला एक माणूस पाठीकडून बांधलेला. पहिला म्हातारा, पांढऱ्या दाढीचा, मान मागे टाकलेला. त्याचा चेहरा ठळक दिसतो. मागच्यांचे चेहरे हरवत जातात, शेवटी उरतात पांढरे ठिपके. माणसाचा ठिपका कसा होतो, ते आपलीच नजर करून दाखवते! धूर नाही, जाळ नाही, रक्ताचा थेंब नाही. बार अजून उडायचाय. शेजारी गडद गणवेशातले गोरे सैनिक, कवायतीला उभे असावेत तसे ताठ. कैद्यांचे कपडे पांढरे आणि सैनिकांच्या टोप्याही पांढऱ्याच, हे मला फार बोचतं. देहाच्या चिंधड्या झाल्या की अंत्यसंस्कार कशावर करायचे? या शिक्षेची खरी भीती मरणाच्या पलीकडची आहे, हे वेरेश्चागिनने स्वतःच लिहून ठेवलंय.

1887 मध्ये लंडनला चित्र लागलं आणि टीका झाली, की गणवेश 1857 चे नाहीतच, अलीकडचे आहेत. खरंच आहेत. पण वेरेश्चागिन 1874 ला पहिल्यांदा हिंदुस्थानात आला, त्याच्या दोनच वर्षं आधी मलेरकोटल्याला साठहून अधिक कुका शिखांना असंच मारलं होतं. वेळ आली तर इंग्रज पुन्हा हेच करतील, असं त्याचं म्हणणं. म्हणून मी त्या गणवेशाला चूक म्हणत नाही. जुन्या गणवेशात हे चित्र इतिहास म्हणून भिंतीवर गप्प लटकलं असतं.

आणि हा रशियन माणूस फक्त इंग्रजांवर बोट ठेवत होता, असंही नाही. याच मालिकेत आणखी दोन चित्रं आहेत. एक रोमनांनी क्रुसावर चढवण्याचं आणि दुसरं त्याच्याच देशातल्या कटवाल्यांच्या फाशीचं, पडत्या बर्फातलं.