आष्टीची लढाई, पण आमची आष्टी नव्हे

सहा फूट लांब आणि चार फूट रुंद असा फोमचा पट मेजावर मांडावा, त्यावर अर्ध्या पेराहूनही लहान असे धातूचे स्वार आणि प्यादे पलटणीवार उभे करावेत, आणि फाशांच्या व मोजपट्टीच्या साहाय्याने एखादी जुनी लढाई पुन्हा लढून पाहावी, हा छंद बीड जिल्ह्यातील आमच्या आष्टीत आम्ही चारपाच जण गेली काही वर्षे जोपासत आलो आहोत. पट पाहावयास येणारा प्रत्येक गृहस्थ, मग तो शिक्षक असो, कचेरीतला कारकून असो, की रस्त्याने जाता जाता डोकावलेला शेजारी असो, पहिल्या पाच मिनिटांत एकच प्रश्न विचारतो: "खर्ड्याची लढाई कशाला घेतली? आपल्या आष्टीची लढाई का नाही केली? बापू गोखले इथंच पडले ना?"

या प्रश्नामागील गावाचा अभिमान खरा असतो, म्हणून पहिली काही वर्षे मी त्याचे उत्तर शांतपणे देत असे. परंतु हेच विधान शाळकरी मुलांच्या भाषणांतून ऐकू येऊ लागले, आणि अखेर आमच्यातल्याच दोन मुलांनी 'आष्टी १८१८' असे खडूने लिहून फोमच्या तक्त्यावर आमच्याकडील बालाघाट डोंगराची धार कापावयास घेतली, तेव्हा मात्र माझा धीर सुटला. मी त्यांना एवढेच विचारले, "पंढरपूर या पटाच्या कोणत्या बाजूला येतं रे?" दोघेही एकमेकांकडे पाहत राहिले.

वस्तुस्थिती अशी. २० फेब्रुवारी १८१८ रोजी जनरल लायोनेल स्मिथ याच्या घोडदळाने पेशवे दुसऱ्या बाजीरावास ज्या आष्टीजवळ गाठले, पेशव्यांना निसटावयास अवसर मिळावा म्हणून सेनापती बापू गोखले निवडक स्वारांनिशी जेथे इंग्रजांच्या फळीवर तुटून पडले आणि धारातीर्थी पतन पावले, आणि सातारचे छत्रपती प्रतापसिंह महाराज जेथे इंग्रजांच्या हाती लागले, ती आष्टी सोलापूर जिल्ह्यातील, आजच्या मोहोळ तालुक्यातील होय. बाजीरावाची धावपळ त्या दिवसांत सोलापूर आणि पंढरपूर यांच्या टापूत चालली होती. ज्यांना माझ्या शब्दावर विश्वास ठेवावयाचा नसेल त्यांनी ग्रँट डफचा १८२६ साली प्रसिद्ध झालेला मराठ्यांचा इतिहास पाहावा, किंवा सोलापूर जिल्ह्याचे जुने गॅझेटियर उघडावे. दोन्हींत त्या गावाचा ठावठिकाणा स्वच्छ दिला आहे. आमचा आष्टी तालुका बीड जिल्ह्यातील, १९४८ सालापर्यंत हैदराबाद संस्थानाच्या अमलाखालचा; त्याचा त्या रणसंग्रामाशी नामसाधर्म्यापलीकडे काडीचाही संबंध नाही. गोंधळास थोडे निमित्त आहे, हे मी मान्य करतो: सीना नदी आमच्या तालुक्याच्या सरहद्दीवरून वाहत जाऊन पुढे त्याच सोलापूर जिल्ह्यात उतरते, आणि आष्टी नावाची गावे महाराष्ट्रात अनेक आहेत. वर्धा जिल्ह्यातील आष्टी १९४२ च्या ऑगस्टमधील हुतात्म्यांमुळे प्रसिद्ध आहे, जालना जिल्ह्यात परतूर तालुक्यातही एक आष्टी आहे. म्हणून काय त्या हुतात्म्यांनाही आपण आमच्या वेशीत आणून बसवावे?

हा वाद कागदावर कितीही काळ चालू शकतो, कारण कागदावर गावाचे नाव लिहिले की काम भागते. पटावर मात्र नावाने भागत नाही. तेथे चढ कोणीकडे, ओढा कोठून कोठे वाहतो, घोडदळाला दौडावयास सपाटी किती आणि तोफ चढवावयाची ती टेकडी किती उंच, याचा हिशेब फोम कापण्यापूर्वीच द्यावा लागतो. भीमा आणि सीना यांच्यामधल्या मोकळ्या मुलखात झालेली घोडदळाची झुंज बालाघाटाच्या कड्यांत आणून बसविली, तर बापू गोखल्यांचा तो हल्ला दरडीवर आपटेल. ज्या माणसाने असे मरण पत्करले त्याची रणभूमी तरी आपण अचूक दाखवावी, इतके आपण त्याचे देणे लागतो.

त्या दोन मुलांचा कापलेला फोम वाया गेला नाही. बालाघाटाची ती धार आमच्या तालुक्याला जवळच्या आणि खऱ्या अशा दुसऱ्या लढाईला हवीच होती. जामखेडच्या पलीकडे, अहिल्यानगर जिल्ह्यात, खर्डा आहे. तेथे ११ मार्च १७९५ रोजी हैदराबादचा निजामअली आणि मराठे यांची गाठ पडली. नाना फडणविसांची मुत्सद्देगिरी, परशुरामभाऊ पटवर्धनांचे सेनापत्य, दौलतराव शिंदे, तुकोजी होळकर आणि नागपूरकर भोसले या सर्वांच्या फौजा एका निशाणाखाली आल्या, असा तो अखेरचा मोठा प्रसंग. निजामाची फौज मोहरी घाट उतरून खर्ड्याहून परांड्याकडे निघाली असता तिच्या उजव्या हाताला मराठे दिसले, असे ग्रँट डफ सांगतो. आणि ज्या खर्ड्याच्या गढीत निजामाने पुढे आश्रय घेतला, ती एक बाजू सोडल्यास सर्वत्र टेकड्यांच्या नजरेखाली होती, असेही तो नमूद करतो. ही दोन वाक्ये वाचली की पटाचा अर्धा आराखडा डोळ्यांपुढे उभा राहतो. मराठी बाजूचा तपशील वासुदेवशास्त्री खरे यांनी प्रसिद्ध केलेल्या पटवर्धनी दप्तरातील पत्रांत आहे.

आता पटाच्या बांधणीविषयीचे गैरसमज. सर्वांत हट्टी समज असा की, रंग लावला की फोम विरघळतो. फोम विरघळवितो तो रंगातील द्रावक. पॉलिस्टायरीन हे टोल्यूइन, ॲसिटोन आणि तत्सम द्रावकांत साखरेसारखे विरते. म्हणून डबीतून फवारावयाचा रंग आणि चपला चिकटवावयाचा पिवळा डिंक या दोन्ही वस्तू पटापासून दूर ठेवाव्यात. पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग आणि फेविकॉल यांनी फोमला काहीही होत नाही. मात्र दोन मोठ्या तक्त्यांमध्ये अडकलेल्या फेविकॉलमधील पाण्याला बाहेर पडावयास वाट नसते. तक्त्यांत बांबूच्या काड्या खोचून, वर विटा ठेवून दोनतीन दिवस दम धरावा लागतो. उतावळेपणाने दुसऱ्याच दिवशी उचललेला डोंगर थरांतून सरकतो, आणि दोष बिचाऱ्या फेविकॉलला लागतो.

थर्माकोल आणि फोमचा तक्ता एकच, हाही असाच एक समज. मूळ द्रव्य एक असले तरी पांढरा थर्माकोल मण्यामण्यांचा असतो, सुरीखाली त्याचा भुगा होतो. छताखाली उष्णतारोधक म्हणून घालतात तो दाट तक्ता सलग असतो, आणि त्यावर सुरीने कोरलेली खडकाची भेग भेगेसारखीच दिसते. तापलेल्या तारेने दोन्ही कापता येतात, परंतु त्या धुरात स्टायरीन असते, म्हणून खिडकी उघडी हवी. बंद खोलीत मुलांना हे काम कोणीही करू देऊ नये. 'बंदी फक्त प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर आहे' असे म्हणणारेही चूक आहेत: राज्याचा २०१८ चा आदेश आणि केंद्राची १ जुलै २०२२ पासूनची बंदी या दोहोंत सजावटीचा थर्माकोल आहे. म्हणून आम्ही बांधकामावर उरलेले तक्त्यांचे तुकडे मागून आणतो.

डोंगराला पायऱ्या दिसल्या म्हणजे तो खोटा, असे सांगणाऱ्यांनी एकदा आमच्या तालुक्यातून जामखेडकडे जाताना खिडकीबाहेर पाहावे. बालाघाट लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला आहे. माथा सपाट, उतारावर टप्पे. या खडकाला इंग्रजीत 'ट्रॅप' म्हणतात, तो शब्दच जिन्याच्या पायरीसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे. फोमचे थर एकावर एक चढविण्याची पद्धत जगात इतरत्र तडजोड म्हणून वापरली जात असेल, आमच्या मुलखात ती निसर्गाचीच आहे.

सैनिक टेकडीइतका उंच झाला म्हणजे माप चुकले, असे नव्हे. आमच्या पटावर एक फूट म्हणजे एक किलोमीटर. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरील दोन समोच्च रेषांमधील २० मीटरची उंची या मापाने जेमतेम ६ मिलिमीटर भरते, आणि शंभर मीटरची धार अवघी ३ सेंटीमीटर. ६ मिलिमीटरचा स्वार त्याच मापाने वीस मीटर उंच ठरेल. जमिनीचे माप एक आणि सैनिकाचे दुसरे, ही या खेळातील जुनी आणि जाणूनबुजून केलेली सोय आहे.

हा पोरखेळ आहे, या आक्षेपाला एकच दाखला पुरे: प्रशियाच्या सैन्याने १८२४ पासून आपले अधिकारी याच प्रकारच्या खेळावर तयार केले. आणि दिवाळीतल्या मातीच्या किल्ल्याशी त्याचे वैर नाही. आमच्यातील प्रत्येकाने पहिला बुरूज अंगणातल्या चिखलाचाच बांधलेला आहे.

राहिला रंग. पट हिरवागार असावा, अशी बहुतेकांची अपेक्षा असते. लाकडाच्या वखारीतून आणलेला भुसा हिरवा रंगवून पसरला की लोक खूष होतात. पण खर्ड्याची लढाई मार्चमधली. तेव्हा बालाघाटावर गवत कोठले? आम्ही शेतातली काळी माती तव्यावर कोरडी भाजून, मैद्याच्या चाळणीने दोनदा चाळून फेविकॉलवर पसरली. उतारावर पिवळसर भुसा, तोही विरळ. ओढा निळा रंगविण्याचा मुलांचा आग्रह होता. त्यांना ग्रँट डफने लिहिलेली त्या रात्रीची हकीकत वाचून दाखविली: घोड्यांना पाणी शोधत फिरणारी मराठ्यांची एक लहानशी टोळी चुकून एका ओढ्यावर आली, तेथे निजामाचे शिपाई होते, त्यांनी गोळी झाडली, त्या आवाजाने पहारे पेटले, आणि अंधारात सगळी छावणी उधळून खर्ड्याच्या गढीकडे धावली. मग मुलांनी निळ्या रंगाची बाटली आपणहून बाजूला ठेवली. ओढ्याच्या पात्रात बारीक वाळू चिकटविली, आणि पटाच्या मधोमध, गढीच्या अलीकडे, सुतळीच्या एका पदराएवढी व्हार्निशची ओली रेघ तेवढी ओढली.