खुळखुळा उत्तर देतो

कार्तिकात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूरला यात्रा भरते. हे रुक्मिणीचं माहेर. आषाढीसाठी तिची पालखी इथूनच पंढरपूरला निघते. माहेर आलं की मामा आला, आणि मामा आला की भाच्यासाठी खेळणं आलंच. (रुक्मिणीचा भाऊ रुक्मी मात्र मेहुण्यावर शस्त्र घेऊन धावला होता. मामांनी त्याचा कित्ता गिरवू नये.)

आता असा एक मामा डोळ्यांसमोर आणा. भाचा दोन वर्षांचा झालाय, पण अजून आधाराशिवाय उभा राहत नाही. बोलायचं तर शब्द दोन, तेही लहर लागली तर. समोर लाल दिवे पेटवत गाणी म्हणणारी मोटार आहे, खोक्यावर वय छापलेलं. शेजारी लाकडी खुळखुळा आहे. मामाचा हात मोटारीकडे जातो, कारण खुळखुळा म्हणजे तान्ह्या बाळाचं खेळणं. दोन वर्षांच्या पोराला तो नेला तर बहिणीला काय वाटेल?

१९७२ साली जॉन वॉटसन आणि क्रेग रेमी या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. आठ आठवड्यांच्या बाळांच्या पाळण्यावर त्यांनी फिरतं खेळणं टांगलं. काही बाळांच्या डोक्याखाली दाब ओळखणारी उशी होती. बाळाने डोकं हलवलं की खेळणं फिरायचं. दुसऱ्या काही बाळांचं खेळणं तसंच फिरायचं, पण आपोआप. रोज दहा मिनिटं, दोन आठवडे हा खेळ चालला. पहिल्या गटातली बाळं मान जास्त हलवू लागली, आणि खेळण्याकडे बघून हसू लागली, हुंकार देऊ लागली. खरी चकित करणारी गोष्ट पुढे आहे. आपोआप फिरणारं खेळणं पाहत राहिलेल्या बाळांच्या डोक्याखाली नंतर तीच उशी ठेवली, तरी ती त्यांना वापरता आली नाही. आपल्या हलण्याने काही घडत नाही, हे बहुधा ती शिकून बसली होती. वय अवघं काही आठवड्यांचं!

ज्या लेकराची हालचाल उशिरा येते, त्याच्या आयुष्यात हा दुसरा पाळणा नकळत तयार होत असतो. हात पोचायच्या आत कुणीतरी वस्तू हातात देतं. तोंड उघडायच्या आत घास येतो. सगळं मायेपोटीच होतं. गाणारी मोटारही त्यातलीच: एकदा बटण दाबलं की ती आपलं आपण गाते, पोरगं नुसतं बघतं. खुळखुळा मात्र हात हलला तरच वाजतो, आणि हलला त्याच क्षणी वाजतो. त्यामुळे खेळणं वयाचं आहे का, यापेक्षा या लेकराच्या छोट्याशा हालचालीला ते लगेच उत्तर देतं का, हे पाहावं. मूठ नीट वळत नसेल तर खुळखुळ्याच्या दांड्याला कापड गुंडाळून जाड करावं. चेंडू निसटत असेल तर कापडी घ्यावा.

चालण्याचं गणित आणखी थक्क करणारं आहे. न्यूयॉर्कच्या मानसशास्त्रज्ञ कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली बारा ते एकोणीस महिन्यांच्या मुलांची पावलं मोजली. मोकळं खेळताना तासाला सरासरी २,३६८ पावलं, आणि १७ वेळा पडणं! चालणं शिकायला एवढा सराव लागतो. उशिरा चालणाऱ्या मुलाला तो सरावच कमी मिळतो. २००१ साली अमेरिकेत डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळांना आई-वडिलांनी आठवड्यातले पाच दिवस थोडा थोडा वेळ छोट्या ट्रेडमिलवर धरून चालवलं. ती बाळं त्याच स्थितीतल्या इतर बाळांपेक्षा सुमारे १०१ दिवस आधी स्वतंत्र चालू लागली.

आपल्याकडे पांगुळगाडा हेच काम जुन्या काळापासून करतो आहे. पोर उभं राहून तो ढकलतं, तोल गाडा सांभाळतो. गाडा फार पळत असेल तर त्याला तुरीच्या डाळीची पिशवी बांधावी. चाकांच्या खुर्चीत बसवून फिरवणारा वॉकर मात्र घेऊ नये. पोरगं त्यात बोटांच्या टोकांवर रेटत पळतं, पायरीवरून उलटतं, आणि चालणं लवकर येत नाही ते नाहीच. कॅनडाने २००४ मध्ये त्यावर बंदीच घातली. तान्ह्या पोळ्याचा चाकांचा लाकडी बैल नंतरच्या टप्प्याचा. दोरी ओढत चालायचं आणि मागे वळून तो येतोय का पाहायचं, यात तोल, नजर आणि हात एकदम लागतात. म्हणून आधी ढकलायचं, मग ओढायचं. नेमका टप्पा कोणता, हे फिजिओथेरपिस्टला विचारून घ्यावं.

मात्र खोक्यावरचा ‘तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही’ हा इशारा टप्पा बघून झटकू नये. उशिरा वाढणारी मुलं वस्तू तोंडात घालणं अनेकदा जास्त काळ चालू ठेवतात. त्यामुळे तीन वर्षांची झाली तरी सुटे लहान भाग, फुटलेला फुगा आणि बटणासारखी बॅटरी धोक्याचीच. कारखान्यातल्या खेळण्यांवर २०२१ पासून आयएसआय खूण सक्तीची आहे, ती पाहावी. यात्रेतल्या लाकडी खेळण्यावर ती नसली, तर रंग ओल्या बोटाला लागतो का, एवढं तरी तपासावं.

आणि मूल उशिरा चालतंय, बोलतंय असं वाटत असेल, तर सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्याची पथकं अंगणवाडीत येतात. तपासणी मोफत असते आणि गरजेप्रमाणे मुलाला जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवतात. खेळण्याबरोबर हेही बहिणीच्या कानावर घालावं.

नातेवाईक बरेच असतील तर आपसात बोलून घ्यावं. २०१८ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात छोटी मुलं समोर सोळा खेळणी असतानापेक्षा चारच असताना एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. मामाचा खुळखुळा, काकाचा गाडा, आत्याचा चेंडू एकाच दिवशी पुढ्यात ओतू नयेत. दोन बाहेर ठेवावीत, बाकीची कपाटात, आणि पंधरवड्याने अदलाबदल. खेळणं हातात दिलं की मामाने मनातल्या मनात दहापर्यंत मोजावं आणि तोवर ते स्वतः वाजवून दाखवू नये. हेच सगळ्यांत जड जातं.