मुलाच्या होकाराचा अर्थ

मेळघाटातील एखाद्या प्राथमिक शाळेत शहरातून संशोधक येतो तेव्हा त्याच्या हाती बहुधा तीन कागद असतात: विद्यापीठाचे पत्र, जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाची परवानगी आणि प्रश्नावली. घरी कोरकू बोलणारी मुले शाळेत मराठी कशी आत्मसात करतात, हे त्याला पाहावयाचे असते. हेतू चांगला असतो, विषयही महत्त्वाचा असतो. गुरुजी मुलांना उभे करतात, मुले एका सुरात नमस्कार करतात, आणि "साहेब विचारतील त्याची नीट उत्तरे द्या," एवढे सांगून गुरुजी आपली खुर्ची पाहुण्याला देतात. त्या क्षणी वर्गातील एखाद्या मुलाला 'मला हे नको' असे म्हणता येईल काय, हा प्रश्न मात्र त्या तीन कागदांपैकी एकाही कागदावर नसतो.

प्रौढ माणसाच्या संमतीला अर्थ येतो तो त्याला नकार देता येतो म्हणून. शाळा ही अशी जागा आहे की, जेथे विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणे हेच मुलाचे कर्तव्य समजले जाते. १९८० साली मार्टिन ह्यूज आणि रॉबर्ट ग्रीव्ह या मानसशास्त्रज्ञांनी आपले एक निरीक्षण प्रसिद्ध केले. त्यांनी पाच व सात वर्षांच्या मुलांना मुद्दामच विचित्र प्रश्न विचारले होते. दूध पाण्यापेक्षा मोठे असते काय? तांबडा रंग पिवळ्यापेक्षा जड असतो काय? 'हा प्रश्नच निरर्थक आहे' असे म्हणून मुले थांबली नाहीत; बहुतेकांनी उत्तरे दिली आणि काहींनी त्यांना कारणेही जोडली. मोठ्या माणसाने विचारले आहे, तेव्हा त्यात काही अर्थ असलाच पाहिजे, अशी त्यांची सरळ समजूत. ज्या मुलाला निरर्थक प्रश्नही परतविता येत नाही, त्याने "तू यात भाग घेशील ना?" या प्रश्नाला दिलेला होकार कितपत खरा मानावयाचा? आणि त्याची पुढील उत्तरे तरी कितपत खरी? नीतीचा प्रश्न आणि शास्त्राचा प्रश्न येथे एकच होऊन जातो.

मुलाच्या उत्तराचा अर्थ लावतानाही हेच अवधान लागते. मराठीत तीन लिंगे आहेत. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा असून तीत नामांची विभागणी सजीव आणि निर्जीव अशी होते. म्हणून 'तो दगड', 'ती काठी', 'ते पान' या भेदात कोरकू मूल चुकले, तर ते बुद्धीचे मांद्य नव्हे. ज्या व्यवस्थेत ते वाढले तिच्यात हा भेदच नाही. ज्याला मुलाची घरची भाषा येत नाही, किंवा ती जाणणारा सहायक ज्याच्याबरोबर नाही, अशा परीक्षकाच्या तक्त्यात मात्र तेथे फक्त 'चूक' एवढीच नोंद होते.

अशा नोंदींचे ओझे पुढे कोणाला वाहावे लागते, याचे उदाहरण वेल्समध्ये सापडते. १९२३ साली डी. जे. सेअर यांनी तेथील सुमारे १,४०० मुलांच्या बुद्धिमापनावरून असा निष्कर्ष काढला की, वेल्श व इंग्रजी अशा दोन भाषा बोलणारी ग्रामीण मुले केवळ इंग्रजी बोलणाऱ्या मुलांपेक्षा मागे असतात. शहरांतील मुलांत हा फरक दिसला नव्हता, याकडे पुरेसे लक्ष गेले नाही. १९६२ साली माँट्रिऑल येथे पील आणि लॅम्बर्ट यांनी कौटुंबिक परिस्थितीची जुळणी करून दहा वर्षांची मुले तपासली, तेव्हा द्विभाषिक मुले सरस ठरली. या दोहोंच्या मधल्या एकोणचाळीस वर्षांत किती पालकांनी घरची भाषा मुलांपुढे आखडती घेतली असेल, याची मोजदाद कोण करणार?

याहून क्रूर प्रकार अमेरिकेतील आयोवा राज्यात घडला. १९३९ साली तेथील एका अनाथाश्रमातील बावीस मुलांवर वाणीविषयक प्रयोग झाला. त्यांतील नीट बोलणाऱ्या सहा मुलांना, ती अडखळत बोलतात, असे वारंवार सांगण्यात आले. मुले बोलण्यास कचरू लागली. आश्रमातील शिक्षकांनाही खरा हेतू ठाऊक नव्हता. विद्यापीठाने क्षमा मागितली ती २००१ साली. मुले अनाथ होती. त्यांच्या वतीने 'नाही' म्हणणारे कोणीच नव्हते.

१९८९ च्या बालहक्क संहितेने मुलाला आपल्याविषयीच्या बाबींत मत मांडण्याचा हक्क दिला, आणि भारताने ती १९९२ साली स्वीकारली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, पालकांच्या संमतीखेरीज सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी अनुमती आणि त्यापुढे अठरापर्यंत लेखी अनुमती सांगितली आहे. ही तत्त्वे आरोग्यविषयक संशोधनासाठी आहेत हे खरे. पण भाषेच्या अभ्यासकाने ती वाचली तर त्याचे काही बिघडणार नाही. पहिलीतील मूल बहुधा सहा वर्षांचे असते, म्हणजे या तरतुदीच्याही अलीकडचे. त्याची अनुमती कागदावर नव्हे, त्याच्या चेहऱ्यावर वाचावी लागते.

आणि ती वाचता येते. मूल दाराकडे पाहू लागते, सदऱ्याचे टोक चावते, प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणू लागते. हाही नकारच होय. जाणता संशोधक पहिले दोन-तीन दिवस काही विचारीतच नाही. गुरुजींच्या खुर्चीत न बसता मुलांबरोबर सतरंजीवर बसतो, ध्वनिमुद्रण यंत्र त्यांच्या हाती देतो, त्यांचा आवाज त्यांना ऐकवितो आणि नको असल्यास तो पुसून कसा टाकावयाचा तेही दाखवितो. कोणाला किती गुण मिळाले, हे तो गुरुजींनाही सांगत नाही. अहवालात मुलाचे नाव गाळणेही पुरेसे नसते. वीस पटाच्या शाळेत 'तिसरीतील, पोस्टमनची मुलगी' एवढे लिहिले की सारे गाव तिला ओळखते.

परवानगीचा शासकीय कागद गुरुजींना बांधतो. मुलाला तो बांधीत नाही, हे कचेरीत बसून सही करणाऱ्यानेही ध्यानात ठेवावयास हवे. गोष्ट सांगता सांगता एखादी मुलगी मध्येच उठते आणि खेळावयास जाते. मग तक्त्यातील तिच्या नावापुढचा रकाना कोरा राहतो, आणि तो कोराच छापावा लागतो.