ड्रम फिरतो, कपडे ओलेच
(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने यंत्रावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. संपादक सरांनाही वाटले. "एखादी कविता नाही का?" असे त्यांनी विचारूनही पाहिले. पण २०२४ च्या पावसाळ्यात आमच्या मुलींच्या वसतिगृहात जे घडले त्यात कवितेजोगे काही नव्हते, आणि ते वेळीच समजले नसते तर साठ मुली झोपतात ती इमारत धड राहिली असती की नाही याची मला शंका आहे. म्हणून हा खटाटोप.

कोकणातला पाऊस येथील वाचकांना वेगळा सांगायला नको. जुलैत दोरीवरचा टॉवेल तिसऱ्या दिवशीही ओलाच असतो, वर कुबट वास. घरी आजी शेगडीत निखारे घालून तिच्यावर वेताची टोपली उपडी ठेवी आणि बाळाची लंगोटी-दुपटी तिच्यावर वाळवी. वसतिगृहात शेगडीला मनाई. दमट कपडे तसेच अंगावर चढवायचे. परिणामी श्रावण येईतो निम्म्या मुलींना नायटा झालेला. हे हाल आठवून माजी विद्यार्थिनींनी वर्गणी काढली आणि कपडे वाळवण्याचे विजेचे यंत्र, म्हणजे ड्रायर, भेट दिला. तो आला त्या दिवशी आम्ही त्याला हळदकुंकू वाहिले होते!

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात हा ड्रायर रुसला. बटण दाबले की दिवा लागे, ड्रम गरगर फिरे, आवाजही नेहमीचाच. पण तासाभराने दार उघडावे तर कपडे थंडगार आणि ओले. यंत्र पूर्ण बंद पडले तर माणूस निदान चटकन मेकॅनिकला बोलावतो. चालू असूनही काम न करणारे यंत्र फार फसवे. आम्ही चार दिवस "अजून अर्धा तास ठेव गं" असेच म्हणत राहिलो.

मुळात हे यंत्र करते काय? ते कपडे भाजत नाही. आतला पंखा खोलीतली हवा ओढतो, ती तापलेल्या तारेवरून म्हणजे हीटरवरून नेतो, गरम झालेली हवा ड्रममधल्या कपड्यांतून जाते, त्यांतले पाणी घेते, गाळणीतून गाळली जाते आणि मागच्या चार इंची नळीतून खिडकीबाहेर पडते. उष्णता आणि वारा अशी ही जोडी आहे. आपण ऊब तेवढी पाहतो आणि वारा विसरतो. आमचे सगळे चुकले ते इथेच.

आता ऊब का नाही याची कारणे. काही अगदी साधी असतात आणि ती आधी पाहिलेली बरी. गरम हवेऐवजी 'थंड हवा' या खुणेवर कळ फिरलेली असते. अनेक यंत्रांत शेवटची दहा मिनिटे मुद्दाम थंड हवा सोडलेली असते, तेवढ्यात दार उघडून लोक बोंब मारतात. कपडे हाताने पिळून टाकले तर चार किलो कपड्यांत जवळपास चार किलो पाणी राहते. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते. २००० वॅटचा हीटर ती सगळी न सांडता देऊ शकला तरी चार किलो पाण्याला ऐंशी मिनिटे हवीत, आणि प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ अधिक. तेव्हा आमच्या जीन्स पाच-पाच एकदम कोंबून तासाभरात वाळाव्यात ही अपेक्षाच चुकीची होती.

दुसरे कारण खास आपल्याकडचे. पावसात विजेचा दाब उतरतो. हीटरची उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते, हे मला बहिणीच्या बारावीच्या पुस्तकात सापडले. २३० व्होल्टला २००० वॅट देणारा हीटर १८० व्होल्टला जेमतेम १२०० वॅट देतो. ड्रम मात्र फिरतच राहतो. अशा वेळी हवा कोमट लागते, थंड नव्हे. हा फरक हाताला कळतो, आणि आमची हवा थंड होती.

मग मेकॅनिकदादा आले. त्यांनी पहिल्यांदा प्लग उपसला (हे कोणीही विसरू नये), मागचा पत्रा काढला आणि मीटर लावला. हीटरच्या दोन टोकांमध्ये मीटर २६ ओहमच्या आसपास दाखवत होता, म्हणजे तार शाबूत. तार तुटली असती तर मीटरने काही दाखवलेच नसते. हीटरच्या वाटेवर दोन पहारेकरी असतात. एक थर्मोस्टॅट, तो तापमान वाढले की वीज तोडतो, उतरले की पुन्हा जोडतो. दुसरा थर्मल फ्यूज, नखाएवढा; तो मर्यादेबाहेर तापला की एकदाच तुटतो आणि परत जुळत नाही. आमचा फ्यूज तुटला होता. मोटारीची वाट वेगळी असल्याने ड्रम मात्र सुखाने फिरत होता. नवा फ्यूज बसला, शे-दीडशे रुपयांत काम झाले, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

नवव्या दिवशी पुन्हा तेच.

"ताई, हा पार्ट असाच जाणार," दादा म्हणाले. "डायरेक्ट करून देतो, कटकटच मिटेल." म्हणजे फ्यूज काढून तिथे सरळ तार जोडायची. रेक्टर बाईंनी मान डोलावली. साठ मुलींची कुरकुर त्या रोज ऐकत होत्या. दादांनाही मी दोष देत नाही. त्यांना दिवसभरात पाच घरे करायची असतात, आणि 'डायरेक्ट' ही आपल्या देशातली सर्वांत लोकप्रिय दुरुस्ती आहे. मी एवढेच विचारले, "दादा, मग जास्त तापलं तर बंद कोण करणार?" ते म्हणाले, "थर्मोस्टॅट आहे ना." खरे आहे, पण थर्मोस्टॅटची टोके हजारदा उघडमीट होऊन कधीतरी एकमेकांना चिकटतात, आणि नेमक्या त्या दिवसासाठीच तो दुसरा पहारेकरी नेमलेला असतो. शिवाय प्रश्न उरतच होता: नवा कोरा फ्यूज नऊ दिवसांत जळावा इतके तापत का होते?

उत्तर मेसच्या मावशींनी दिले. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी ड्रायरच्या नळीशेजारी उघडते. "अगो, आधी त्या नळीतून वाफ यायची भसाभसा. पंधरा दिवस झाले, काहीच येत नाय," त्या म्हणाल्या. आम्ही छत्री घेऊन मागे गेलो. नळीच्या तोंडाला डास आणि पाली आत येऊ नयेत म्हणून कोणीतरी मच्छरदाणीची जाळी तारेने घट्ट बांधली होती. हेतू चांगला. पण कपड्यांची बारीक लव गाळणीतून थोडी निसटतेच. ती ओल्या हवेबरोबर येऊन जाळीवर बसली, थरावर थर चढला आणि नळीच्या तोंडाला गादीत भरण्याजोगा कापसाचा बोळा तयार झाला. आतली गाळणी आम्ही रोज साफ करत होतो. ही बाहेरची दुसरी गाळणी कोणाला ठाऊकच नव्हती.

तव्यावर भाकरी असते तोवर तव्याची उष्णता भाकरी घेते. रिकामा तवा लाल होतो. हीटरचे तसेच. वारा थांबला की त्याची उष्णता नेणारे कोणी उरत नाही, आणि तो जवळचा फ्यूज वितळवतो. फ्यूज हा आजार नव्हताच, तो निरोप होता. आणि तो निरोप आम्ही तार जोडून गप्प करणार होतो, तोही कापसाने भरलेल्या नळीजवळ! अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या वर्षांचा आढावा घेतला तेव्हा तिथल्या घरांत ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २९०० आगी लागत असल्याचे आढळले, आणि त्यांचे सर्वांत मोठे कारण साफसफाई न करणे हे निघाले. १९ ऑगस्ट २०१६ रोजी लंडनच्या शेफर्ड्स बुश भागातील अठरा मजली इमारतीत आग लागली, तीही एका सदोष ड्रायरमधून.

मागे वळून पाहता खुणा जूनपासून दिसत होत्या. तासाचे काम दोन तासांवर गेले होते, यंत्राच्या खोलीच्या भिंतींना दव सुटत होते, यंत्राचा माथा हात ठेववत नाही इतका तापत होता. आम्ही त्याचे खापर पावसावर फोडले.

दादांनी नळी काढून झटकली तेव्हा ओंजळभर लव निघाली. तिच्यात दोन केसांच्या पिना आणि माझा हरवलेला रुमाल. जाळीऐवजी वाऱ्याने उघडणारी आणि एरवी मिटणारी झडप बसवली, म्हणजे पालीही बाहेर आणि लवही बाहेर. फ्यूज नवा, त्याच्या जागी, तारेविना. तो २०२४ चा उरलेला पावसाळा टिकला. नळी साफ करण्याची पाळी आता मेसच्या पाळ्यांच्या कागदावरच लिहिली जाते. पहिल्या महिन्यात दोघींनी ती चुकवली, त्यांची नावे इथे देत नाही.

मावशींची मात्र नवी तक्रार आहे. वाफ परत सुरू झाल्यापासून त्यांच्या चहाला साबणाचा वास येतो म्हणे.