एकट्याला की ग्रुपमध्ये? मुलांच्या स्पीच थेरपीबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

बोरिवली असो की मुलुंड, मूल तीन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नसेल तर घरातले आधी धीर देतात, 'थांबा जरा, त्याचे बाबाही उशिराच बोलायला लागले होते.' मग एक दिवस बालवाडीच्या बाई बोलावून घेतात आणि धावपळ सुरू होते. स्पीच थेरपिस्टकडे गेल्यावर पालकांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो: एकट्याला घेणार की ग्रुपमध्ये? प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर बऱ्याच जणांनी फीच्या आकड्यावरून किंवा सोसायटीतल्या कुणाच्या तरी अनुभवावरून आधीच ठरवलेलं असतं. ते ठरायला हवं तुमच्या मुलाला आज नेमकं काय जमत नाही, यावरून.

गैरसमज: एकट्याला शिकवलं तरच खरा फायदा. ग्रुप ही परवडत नसलेल्यांची सोय.

स्कॉटलंडमध्ये भाषेची अडचण असलेल्या ६ ते ११ वर्षांच्या १६१ मुलांवर झालेल्या एका चाचणीत हे तपासलं गेलं. कोणत्या मुलाला कोणती पद्धत मिळणार हे आधी न ठरवता यादृच्छिक पद्धतीने गट पाडले. काहींना एकट्याने थेरपी मिळाली, काहींना छोट्या ग्रुपमध्ये. काहींना थेट थेरपिस्टकडून, काहींना प्रशिक्षित साहाय्यकाकडून. आठवड्यातून तीनदा, १५ आठवडे हे चाललं. भाषेच्या चाचण्यांत एकट्याने शिकलेली आणि ग्रुपमध्ये शिकलेली मुलं यांच्यात म्हणावा असा फरक निघाला नाही.

ही चाचणी सांगताना तिची मर्यादाही सांगायला हवी. ज्यांना कमी ऐकू येतं, ज्यांचे उच्चार फारच अस्पष्ट आहेत किंवा जी बोलताना बरीच अडखळतात, अशी मुलं तिच्यात घेतलीच नव्हती. म्हणजे शब्दसंग्रह, वाक्यरचना, गोष्ट सांगणं यांसाठी ग्रुपला कमी लेखायचं कारण नाही. पण म्हणून प्रत्येक मुलाला ग्रुप चालेल असंही नाही.

गैरसमज: चार मुलांत मिसळलं की आपोआप बोलायला लागेल.

हा वरच्या गैरसमजाचा जुळा भाऊ, आणि माझ्या मते जास्त नुकसान करणारा. 'क'च्या जागी 'त' म्हणणारा चार वर्षांचा मुलगा घ्या. काकडी मागताना तो 'तातडी' म्हणतो, आणि घरच्यांना ते गोड वाटतं. 'त' म्हणताना जिभेचं टोक वर दातांपाशी लागतं, 'क' म्हणताना जिभेची मागची बाजू टाळूला टेकते. हा फरक त्याला कुणी सांगून कळणार नाही, तो जिभेला जाणवावा लागतो. थेरपिस्ट त्याला आरशासमोर बसवते. लाकडी पट्टीने जिभेचं टोक हलकेच खाली धरते, मान थोडी मागे टाकायला लावते, गुळण्या करण्याची नक्कल करून घेते. त्यातून एकदा 'क' निघाला की नुसता 'क', मग 'का', मग 'काका', मग 'काकडी', मग आख्खं वाक्य. प्रत्येक उच्चार ऐकून लगेच चूक की बरोबर ते सांगावं लागतं. अर्ध्या तासात तो आवाज पुनःपुन्हा निघायला हवा, आणि चार मुलांत वेळ वाटला तर त्याच्या वाट्याला येणार किती? इथे एकट्याचं सत्रच हवं.

पण हाच मुलगा काही आठवड्यांनी खोलीत स्वच्छ 'काकडी' म्हणतो आणि घरी पाऊल ठेवताच पुन्हा 'तातडी' सुरू. आता ग्रुपची वेळ झाली. टेबलावर कार आणि तार, कळी आणि तळी अशी चित्रं मांडलेली असतात. त्याला कार हवी असते, तो 'तार' म्हणतो, समोरची मुलगी निमूटपणे तारेचं चित्र त्याच्या हातात ठेवते. तो चिडतो, थांबतो, जीभ जमवतो आणि 'कार' म्हणतो. आई-बाबांना त्याचं बोबडं बोलणं बिनचूक कळत असल्यामुळे ही गरज घरात कधीच पडत नाही. भाजीवाला-भाजीवाला खेळणं, 'मामाचं पत्र'सारख्या खेळात आपल्या पाळीची वाट पाहणं, न कळल्यास 'काय म्हणालास?' विचारणं, हे सगळं दुसरं मूल समोर असल्याशिवाय शिकवताच येत नाही.

जाता जाता एक दिलासा: 'र' आणि 'ळ' मराठी मुलांत उशिरा पक्के होतात. नुकत्याच चौथ्या वर्षात आलेल्या मुलाच्या फक्त 'र'साठी थेरपिस्टकडे धावण्याची गरज सहसा नसते.

गैरसमज: ग्रुपमधल्या दुसऱ्या मुलाचं अडखळणं माझं मूल उचलेल.

अडखळण्याची मुळं मेंदूतल्या बोलण्याच्या रचनेत आणि बऱ्याचदा आनुवंशिकतेत असतात. ते संसर्गाने होत नाही. मूल दोन दिवस नक्कल करेल, इतकंच. शाळेपूर्वीच्या वयात अडखळणाऱ्या मुलांसाठी ऑस्ट्रेलियात तयार झालेली लिडकम ही पद्धत एरवी एकेका कुटुंबाबरोबर वापरतात. तिथेच ५४ मुलांवर ती ग्रुपमध्ये करून पाहिली, तेव्हा परिणाम एकट्याच्या सत्रांसारखाच आला आणि थेरपिस्टचे तास बरेच कमी लागले.

गैरसमज: ऑटिझम आहे, म्हणजे आधी ग्रुपच. तिथेच मिसळायला शिकेल.

समोरच्याच्या नजरेला नजर देणं, त्याने दाखवलेल्या वस्तूकडे पाहणं, मागायला हात किंवा आवाज वापरणं हे अजून जमत नसलेल्या मुलाला चार मुलांच्या गोंगाटात बसवलं तर ते कानांवर हात ठेवून कोपरा गाठतं. आधी एका मोठ्या माणसाबरोबर, मग एका मुलाबरोबर जोडीने, मग छोट्या ग्रुपमध्ये, असं चढत जायचं असतं. श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट नुकतंच लागलेल्या मुलाचंही तसंच. त्याला आधी शांत खोलीत ऐकायला शिकायचं असतं, शक्यतो आई किंवा बाबा शेजारी बसलेले असताना.

आणि हे सगळं ठरण्याआधी कानांची तपासणी झालेलीच हवी. 'हाक मारली की बघतो ना' ही तपासणी नव्हे. वांद्रे रेक्लेमेशनची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच कामासाठी उभी आहे, मुंबई सेंट्रलला नायर रुग्णालय आहे. उपनगरातल्यांना दोन्ही ठिकाणी लोकलने जाता येतं. घाटकोपर-मुलुंडकरांना दादरला गाडी बदलावी लागते, पण एवढा एक फेरा चुकवू नका.

गैरसमज: घरात दोन-तीन भाषा आहेत म्हणून अडलंय. इंग्रजी ग्रुपच घ्यावा.

घाटकोपर-मुलुंडमध्ये जिन्यात गुजराती, घरात मराठी, टीव्हीवर हिंदी आणि शाळेत इंग्रजी हे नेहमीचंच. एकाहून जास्त भाषा कानावर पडल्यामुळे बोलण्याची अडचण निर्माण होत नाही. उलट थेरपीसाठी घरची भाषा बंद केली की आजीशी होणारं मुलाचं सगळ्यात मोकळं बोलणं तुटतं. म्हणून ग्रुपमध्ये नाव घालण्याआधी तो कोणत्या भाषेत चालतो हे विचारा. मराठीत गोष्ट सांगायला अडखळणाऱ्या मुलाला अंधेरीतल्या इंग्रजी ग्रुपमध्ये बसवून ती गोष्ट सोपी होत नाही.

गैरसमज: ग्रुप म्हणजे ग्रुप. कुठलाही चालेल.

वय सारखं असून भागत नाही, उद्दिष्टं जुळावी लागतात. एका थेरपिस्टकडे दोन ते चार मुलं असतील तर ती थेरपी म्हणता येईल. आठ-दहा मुलं असतील तर ती शिकवणी झाली. माझ्या मुलाचं या ग्रुपमधलं उद्दिष्ट काय, ते लिहून द्याल का, आणि कधी पुन्हा तपासाल, हे तीन प्रश्न विचारायला संकोचू नका. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या थेरपिस्टला सीआरआर क्रमांक मिळतो, तोही मागा. १९९२च्या कायद्याने ही नोंदणी आलेली आहे, त्यामुळे विचारण्यात अविश्वास दाखवण्यासारखं काही नाही. प्रवासाचाही हिशेब करा. ग्रुपची वेळ तुमच्यासाठी बदलत नाही, आणि पावसाळ्यात निम्मी सत्रं बुडणार असतील तर घराजवळचं साधं केंद्र बरं.

गैरसमज: थेरपी लावली, आता काम थेरपिस्टचं.

आठवड्यात पाऊण तासाची दोन सत्रं म्हणजे दीड तास. बाकीचा जागेपणीचा सगळा वेळ मूल तुमच्याजवळ असतं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात प्रशिक्षण दिलेल्या पालकांनी केलेली थेरपी आणि थेरपिस्टने केलेली थेरपी यांच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नव्हता. यातला 'प्रशिक्षण दिलेल्या' हा शब्द महत्त्वाचा. वहीत लिहून दिलेला गृहपाठ म्हणजे प्रशिक्षण नव्हे. सत्राची शेवटची दहा मिनिटं आत बसा, थेरपिस्टने करून दाखवलेलं तिच्यासमोर स्वतः करा आणि तिला चुका काढू द्या. दिवसभर मुलाला आजी-आजोबा सांभाळत असतील तर तुमच्याऐवजी त्यांना पाठवा. ग्रुपच्या गडबडीत हे जमत नसेल, तर महिन्यातून एक सत्र फक्त पालकांसाठी ठेवायला सांगा.