जुने, पण महाग नव्हे : कागदी खेळण्यांच्या किमतीचा विचार

जुन्नरच्या पेठेतले किंवा घोडेगाव-मंचरकडचे एखादे जुने घर उतरवायला काढले, की माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली येते. तिच्यात जमाखर्चाच्या वह्या निघतात, मोडीतले कागद निघतात, आणि अगदी तळाशी घरातल्या मुलांची दौलत सापडते : घडीवर फाटलेला सापशिडीचा पट, बदामाची राणी हरवलेला पत्त्यांचा जोड, कातरून उभी करावयाची रंगीत चित्रे. घरधनी हरखतो. साठ-सत्तर वर्षांची वस्तू, तेव्हा पुण्याच्या जुन्या बाजारात हिचे बरे पैसे येतील, अशा हिशेबाने तो ती घेऊन जातो; आणि दुकानदार दोन कप चहाचे पैसे देऊ करतो. घरधन्याला वाटते, आपल्याला फसवले. बहुधा तसे झालेले नसते. मग जुन्या वस्तूला मोल का येऊ नये, याचा थोडा विचार आज करू.

वय आणि किंमत यांचे नाते आपण समजतो तितके सरळ नाही. जुन्नरच्या मानमोडी लेण्यांत नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याचा लेख आहे. त्याच नहपानाची चांदीची नाणी १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे एका ठेव्यात सापडली. ती थोडीथोडकी नव्हेत, तेरा हजारांहून अधिक. आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला होता. इतिहासाच्या दृष्टीने हा ठेवा अमोल. परंतु एक सुटे नाणे घेतले, तर त्याच्या वयाच्या मानाने त्याचा भाव बेताचाच. कारण त्याची भावंडे हजारोंनी आहेत.

कागदाचेही तेच. जगातले पहिले टपाल तिकीट इंग्लंडात १८४० साली निघाले. ते सुमारे ६ कोटी ८० लाख छापले गेले. त्या काळी पत्राचाच कागद दुमडून त्यावर तिकीट लावण्याची चाल होती. त्यामुळे जपलेल्या पत्रांबरोबर तिकिटेही राहिली. आज साधारण प्रतीचे ते तिकीट हौशी माणसाच्या आवाक्यात येते. उलट, ब्रिटिश गयानाचे एक सेंटाचे तिकीट १८५६ चे, म्हणजे सोळा वर्षांनी धाकटे. पण त्याची एकच प्रत ज्ञात आहे. २०१४ साली ती सुमारे ९५ लाख डॉलरांना विकली गेली. धाकट्याने थोरल्याला मागे टाकले. किती जुने, हा प्रश्न दुय्यम. किती उरले आणि किती जणांना हवे, हा खरा प्रश्न.

आता आपल्या सापशिडीकडे वळू. तिचा पूर्वज मोक्षपट. परंपरा त्याचे कर्तेपण ज्ञानेश्वरांकडे देते, आणि ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आपल्या जुन्नर तालुक्यातल्या आळे गावीच दाखवतात. हाताने आखलेल्या, घरांत पापपुण्याची नावे लिहिलेल्या अशा पटाची प्रत्येक प्रत वेगळी. म्हणून संग्रहालये तिच्या शोधात असतात. पुढे काळ बदलला. सेनेफेल्डरने १७९६ च्या सुमारास शोधलेली शिळाछापाची कला आपल्याकडे आली. पुण्यात १८७८ साली चित्रशाळा निघाली, आणि रंगीत चित्र सामान्यांच्या भिंतीवर पोहोचले. सापशिडीही १८९२ मध्ये लंडनला छापून विकू लागले. यंत्र आले, की एका पटाचे हजार पट होतात. छापील खेळणे जन्मतःच स्वस्त. ते स्वस्त असावे म्हणूनच तर छापले. शिवाय दुकानदाराच्या वखारीत न खपलेला माल गठ्ठ्यांनी पडून राहतो आणि चाळीस वर्षांनी एकदम बाहेर येतो. मग दुर्मीळ वाटणारी वस्तू एका दिवसात मुबलक होते.

येथे कोणी विचारील, 'मग जे उरलेच नाही, ते तरी महाग असावे की नाही?' भीमाशंकरच्या किंवा ओझरच्या जत्रेत मुलाला घेऊन दिलेली कागदी भिंगरी पाहा. घरी येईतो तिची एक पाकळी गळते. दुसऱ्या दिवशी काडी तेवढी उरते. साठ वर्षांपूर्वीची भिंगरी आज मिळणे जवळजवळ अशक्य. तरीही कोणी ती आणली, तर पैसे मोजणारा भेटत नाही. कारण मागणारा नाही. दुर्मीळपणा हे एक चाक झाले. मागणी हे दुसरे. एका चाकावर गाडी चालत नाही.

मागणीही वयाला येते आणि म्हातारी होते. माणूस बहुधा आपले स्वतःचे बालपण विकत घेऊ पाहतो. ज्या पिढीने ते खेळणे हाताळले, ती कमावती असेपर्यंत त्याला गिऱ्हाईक असते. ती पिढी सरली, की खेळणे अधिक जुने होते आणि भाव मात्र उतरतो.

तिसरी गोष्ट पूर्णतेची. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी एकशेवीस पाने असतात. एक जरी हरवले, तरी डाव मांडता येत नाही, आणि जाणता ग्राहक लगेच हात आखडता घेतो. कागदी खेळण्याचे तर पान, फासा, सोंगटी, डबा यांपैकी काही ना काही हरवलेलेच असते. मुलांनी ते खेळले, हाच त्याचा दोष! चौथी गोष्ट ओळखीची. अशा पुष्कळ खेळण्यांवर ना छापणाऱ्याचे नाव, ना साल. एकच ठसा वर्षानुवर्षे वापरलेला. आज पुन्हा छापलेली नक्कलही बाजारात असते. वस्तू कधीची हे ठरवता येत नसेल, तर सावध गिऱ्हाईक पैसा सोडीत नाही.

म्हणजे दुकानदाराचा हिशेब चुकीचा नव्हता. पण त्याचा हिशेब किमतीचा होता. मोलाचा हिशेब आपण करावयाचा. जुन्नर एके काळी हातकागदासाठी प्रसिद्ध होते. येथील कागदी मंडळी हे काम करीत. तागासारखा चिवट धागा कुटावा, चुन्यात मुरवावा, धुवावा, जाळीवर ताव उचलावा, खळ देऊन घोटावा, अशी ही मेहनत. असा कागद शेकडो वर्षे टिकतो. त्याच्या मानाने लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद अल्पायुषी. त्यातले लिग्निन उन्हाने पिवळे पडते, तुरटीचा आम्लांश धागा खातो, आणि ताव घडीवर तुटतो. म्हणून त्या पेटीतली आजोबांची वही शाबूत, आणि नातवाचा पट मात्र चुरा होऊ घातलेला. महाग वस्तूला कुलूप मिळते. स्वस्त वस्तूला रद्दीची तराजू. अशाने एका पिढीचे खेळणेच नव्हे, तर ती पिढी कशी खेळली याची साक्षही नाहीशी होते.

तेव्हा आमची विनंती एवढीच. असा पट सापडला, तर विकण्याची घाई नको आणि निराशाही नको. चिकटपट्टी लावू नका, प्लॅस्टिकात वितळवून बंद करू नका. उन्हा-ओलीपासून दूर, स्वच्छ कागदात सपाट ठेवा. आणि घरातल्या वडील माणसांना विचारून मागच्या बाजूस शिसपेन्सिलीने हळूच लिहा : हा कोणाचा, कोणत्या जत्रेतून आणला, कोणत्या साली, आणि याच्यावर कोण कोण भांडले. या चार ओळींनी बाजारभाव कदाचित एका रुपयानेही वाढणार नाही. पण ज्याला ओळख नव्हती, त्याला ओळख मिळेल. आणि उद्या त्या घरातले पोर तो पट उलटून पाहील, तेव्हा त्याला आपल्या आजीचे हस्ताक्षर सापडेल.