हडंब्याची धूळ, मृगाची वीज आणि घरचा कॉम्प्युटर

वाशीम जिल्ह्यात घरच्या कॉम्प्युटरला हॅकरच्या आधी गाठते ती धूळ. ऑक्टोबरात सोयाबीनच्या सुड्या मोडल्या, मळणीचा हडंबा सुरू झाला की रिसोड असो वा मानोरा, कुटाराची बारीक धूळ गावभर उडते आणि सीपीयूचा पंखा ती इमानेइतबारे आत ओढतो. हीटसिंकच्या पात्यांत थर बसला की प्रोसेसर तापतो, आणि तापलेला प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःहून आपला वेग कमी करतो. म्हणून ‘कॉम्प्युटर स्लो झाला, व्हायरस असेल’ म्हणत फॉरमॅट मारण्याआधी झाकण उघडून बघा. मळणी संपल्यावर पिन काढून एकदा ब्लोअर मारून घ्यावा. त्या वेळी पंख्याची पाती बोटानं धरून ठेवायची. झोतानं पंखा भलत्याच वेगात गरगरला तर त्याचं बेअरिंग खराब होतं.

पाखराची नोंद. ९ सप्टेंबर १९४७. हार्वर्ड विद्यापीठातला मार्क-२ हा खोलीभर कॉम्प्युटर अडला. शोधलं तर रिलेमध्ये एक पतंग अडकलेला! तंत्रज्ञांनी तो चिकटपट्टीनं नोंदवहीत डकवला. ते पान आजही अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. आपल्याकडे पतंगाच्या जोडीला मुंग्या आणि पाली. कॅबिनेटच्या मागची एखादी पट्टी निघाली असेल तर ती आजच लावा.

वीज. मृगाच्या सरींआधी आभाळ कडाडायला लागलं की नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण बटणातली फट विजेसाठी अगदीच किरकोळ असते. पिन काढायची, आणि ढग डोक्यावर येण्याआधीच काढायची. स्पाइक गार्डच्या आतला जादा दाब झेलणारा भाग प्रत्येक झटक्यागणिक थोडाथोडा खर्ची पडतो, त्यामुळे जुना स्पाइक गार्ड अनेकदा नुसता एक्स्टेंशन बोर्ड उरलेला असतो. फायबरच्या काचेच्या तंतूतून वीज येत नाही; राउटरच्या अ‍ॅडॅप्टरमधून मात्र येते. तोही काढा. वीज कुठे पडते आहे हे दाखवणारं ‘दामिनी’ अ‍ॅप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं बनवलंय, फुकट आहे. शेतात असणाऱ्यांच्या फोनमध्ये तर ते आधी हवं.

आकड्यातलं माप. कॉम्प्युटर चालू केला की तारीख भलतीच जुनी दिसते? मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला. त्याच्या सीआर २०३२ या नावातच माप आहे: २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड. तारीख चुकली की बँकेच्या साइट सुरक्षेचं कारण देऊन उघडत नाहीत आणि माणूस उगाच घाबरतो. सेल बदला, तारीख लावा, झालं.

पत्त्यासकट व्हायरस. १९८६ मध्ये पसरलेल्या ‘ब्रेन’ या पीसीवरच्या पहिल्या व्हायरसमध्ये तो लिहिणाऱ्या लाहोरच्या दोन भावांनी आपलं नाव, पत्ता आणि फोन नंबरही टाकला होता. आपल्याकडच्या दोन भावांनी उलट काम केलं. साताऱ्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत; पुढे दुरुस्तीला येणारे कॉम्प्युटर व्हायरसनं भरलेले दिसू लागले, तेव्हा धाकटे भाऊ संजय यांनी त्यावर प्रोग्रॅम लिहिला. तोच पुढे ‘क्विक हील’ झाला. दुरुस्तीच्या टेबलावरून उभं राहिलेलं हे काम मला फार मोठं वाटतं.

हॉल तिकिटाची प्रिंट काढून आणलेल्या पेनड्राइव्हमध्ये सगळे फोल्डर अचानक शॉर्टकट झालेले दिसले, तर क्लिक करू नका. खरे फोल्डर बहुतेक वेळा तिथेच लपवलेले असतात आणि शॉर्टकटवर क्लिक केलं की व्हायरस तुमच्याही कॉम्प्युटरमध्ये उतरतो. आधी स्कॅन.

‘नंतर आठवण करा’ म्हणत पुढे ढकललेलं अपडेट. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या व्हायरसनं न्हावा शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प केलं. तो पसरण्यासाठी विंडोजमधलं जे भगदाड वापरत होता, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलं होतं. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. जुन्या मशीनवर विंडोज ११ बसत नसेल तर लिनक्स मिंट टाकून बघा, त्याला पैसे पडत नाहीत.

पासवर्ड. इंग्रजीतली आठ छोटी अक्षरं कशीही जुळवली तर सुमारे २०,८८२ कोटी जोड्या होतात. अक्षरं सोळा केली की हा आकडा दुप्पट होत नाही, त्याचा वर्ग होतो! म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच वऱ्हाडी शब्द रोमन अक्षरांत सलग लिहिलेले बरे. मुलाचं नाव आणि जन्मसाल नको.

तांब्यावरचा बॅकअप. वाशीम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. राजा दुसरा विंध्यशक्ती यानं दिलेल्या दानाचा ताम्रपट इथेच १९३९ मध्ये सापडला, दीड हजारांहून जास्त वर्षांनी, आणि वाचता आला. हार्ड डिस्क इतकी टिकत नाही. लग्नाचे फोटो, सातबारा, मुलांच्या मार्कशीट यांच्या तीन प्रती ठेवा: एक कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा कारंज्याच्या मावशीकडे. बाहेरची डिस्क कॉपी झाल्यावर काढून कपाटात ठेवायची. खंडणी मागणारे व्हायरस जोडलेली डिस्कही कुलूपबंद करतात. आणि ऑनलाइन पैसे गेलेच, तर लाजत बसू नका, पहिला फोन १९३० या सायबर हेल्पलाइनवर. जितक्या लवकर कराल, तितकी रक्कम वाटेत गोठवली जाण्याची शक्यता जास्त.